मधली

कल्पना करा, मुलांनो: एक चेंडू आहे आणि त्याला कोपरे आहेत. हसू नका. मयुरीचे पप्पा कॉलेजात गणित शिकवतात आणि असलेच चेंडू शोधतात.

पारोळ्याच्या बसस्टँडवर एका बाकावर मयुरी बसली होती. एका बाजूला जळगावहून आलेले पप्पा, दुसऱ्या बाजूला धुळ्याहून आलेली मम्मी. दोघं आता वेगळे राहत होते. सुट्टी संपत आली होती. मयुरीची शाळा जळगावची की धुळ्याची, हे आज ठरायचं होतं. वरचा पंखा बंद होता.

"मम्मीला सांग, पारोळा धुळ्याला जवळ पडतो. दर वेळी मीच लांबून येतो."

"पप्पांना सांग, गणितवाल्यांना मध्य काढता आला नाही, त्याला मी काय करू?"

मयुरीने इकडचं तिकडे सांगितलं, तिकडचं इकडे. सांगून सांगून ती दमली होती.

पलीकडे गाठोडं घेऊन बसलेल्या आजीने विचारलं, "कोनता गावनी शे व माय तू?"

मयुरीला गाव सुचेना. "मधली," ती म्हणाली.

ऊन पायांवर आलं म्हणून ती जरा पप्पांकडे सरकली. मम्मीचा चेहरा उतरला. ती पुन्हा मम्मीकडे सरकली. मग पप्पांनी मान फिरवली.

"पप्पा, तुमच्या चेंडूचं सांगा ना."

पप्पांनी थकल्या आवाजात सांगितलं, "एका बानाख अवकाशातून, म्हणजे जिथे प्रत्येकाची लांबी मोजता येते अशा गणितातल्या जागेतून, दुसऱ्यात नेणाऱ्या बहुपदी असतात. प्रत्येकीला माप असतं. ज्यांचं माप एकच्या वर जात नाही, त्या सगळ्यांचा मिळून चेंडू होतो. कधी गोल, कधी कोपऱ्यांचा. मी त्याची टोकं शोधतो."

"टोक कसं ओळखायचं?"

"चेंडूतल्या कुठल्याच दोघींच्या मधे जी येत नाही, ती टोकाची."

"आणि मधली एकीकडे सरकली तर?"

"थोडी सरकली काय, जास्त सरकली काय. मधे आहे तोवर मधलीच."

धुळ्याची गाडी लागली. मम्मी उठली नाही. "पप्पांना सांग, काय ते ठरवा एकदाचं."

"मम्मी, पप्पा इथेच आहेत," मयुरी म्हणाली. "तूच सांग."

मग तिने दप्तर उचललं आणि समोरच्या बाकाच्या अगदी टोकाला जाऊन बसली.