अर्धं पाणी

अमेरिकेतल्या मोआबच्या वाळवंटात लाल खडकांवर सायकल चालवणाऱ्यांचा एकच नियम: पाठीवरच्या पिशवीतलं पाणी अर्धं झालं, की असाल तिथून मागे फिरायचं. मार्नी तो लहानपणापासून पाळत आली होती.

आज मात्र तिचं पाणी अर्धं होतच नव्हतं. प्रत्येक चढावर ती पिशवीला जोडलेल्या नळीतून घटाघटा प्यायची, तरी पिशवी आपली गच्च भरलेली.

"उंटीण आहेस का गं?" तिचा भाऊ कॉल्टर हसला. "माझं अर्धं मघाशीच झालं. म्हटलं, हिचं आहे ना, चला पुढे."

ऊन चढलं. कॉल्टरचं पाणी संपलं. रस्त्याकडेला लावून आलेली गाडी कितीतरी मागे राहिली होती, आणि एवढं पिऊनही मार्नीची जीभ टाळूला चिकटत होती.

"आण इकडे, चिंगूस," म्हणत कॉल्टरने तिच्यामागे उभं राहून नळी तोंडात धरली.

तो बराच वेळ ओढत राहिला. मार्नीच्या खांद्यांत पट्टे रुतायला लागले. पिशवी जड होत चालली होती.

"बास आता," ती म्हणाली. "कॉल्टर, सोड ती नळी."

नळी सुटली नाही. तिने मान वळवून पाहिलं. त्याचे गाल खोल आत गेले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या, आणि त्या पारदर्शक नळीतलं पाणी त्याच्या तोंडातून पिशवीकडे वाहत होतं.