दगड जिथल्या तिथे

ऑफिसातली माशांची टाकी रिसेप्शनवरच्या बाई सांभाळायच्या. आत एकच सिक्लिड मासा, पण महाभांडखोर. “नवा मासा सोडताना आधी दगड हलवायचे,” नव्या साहेबांना त्यांनीच हौसेने सांगितलं होतं, “म्हणजे जुन्याला स्वतःचा कोपरा सापडत नाही आणि माज उतरतो.” साहेबांनी ते बरोब्बर ध्यानात ठेवलं. सोमवारी त्यांनी सगळ्यांची टेबलं हलवली. वीस वर्षं खिडकीशी असलेलं बाईंचं टेबल झेरॉक्स मशीनमागे गेलं. आज साहेबांनी घरचा लाडका निळा मासा पिशवीतून आणून बाईंच्या हाती दिला. बाईंनी पिशवी थेट टाकीत रिकामी केली. दगडांमागून जुना बाणासारखा सुटला. निळ्या शेपटीच्या चिंध्या पाहून साहेब किंचाळले, “अहो, दगड हलवले नाहीत?” “नाही साहेब,” बाई हसल्या, “म्हटलं, या ऑफिसात एकाची तरी जागा शाबूत राहू दे.”