दोन किलवरचा अर्थ

"मग हेही काढून टाका," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात नाही राहत."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावरच्या आणखी एका बोलीवर आडवी रेघ मारली. जन्मभर कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढलेला माणूस. पत्त्यांच्या ब्रिजमधली ही बोली-उत्तरांची रचनाही त्याने तशीच बसवली होती. भिडूने 'एक नो-ट्रम्प' म्हटलं की आपण काय म्हणायचं, त्यावर भिडूने काय, पुन्हा आपण काय. क्लबातली माणसं ती शिकायला घरी यायची. आता बायकोसाठी तो त्या रचनेचा एकेक भाग सुटा करत होता. जीव तुटायचा, पण बायकोपुढे पत्ते ते काय!

"आता उरलं काय?" तिने विचारलं.

"फक्त दोन किलवर. त्याचा अर्थ, तुझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का? बाकी सगळं दिसतं तसं."

"थांबा, आता मी विचारते, तुम्ही सांगा. तसं माझं लवकर पाठ होतं."

त्याने न कुरकुरता पुन्हा सांगितलं. अलीकडे तिचं असंच चाललं होतं. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर 'साखर', मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. बाहेर पडताना रस्ता चुकेन म्हणून त्याचा हात धरायची.

क्लबाचे सेक्रेटरी मागेच म्हणाले होते, "असेच घोळ होत राहिले तर जोडी मोडावी लागेल." रविवारचा हा डाव म्हणजे तिचा जीव की प्राण. तो सुटला तर ती खचेल, या काळजीने त्याला घास जात नव्हता.

क्लबाच्या दारात त्याने दातांच्या डॉक्टरांना बाजूला घेतलं. आजचा पहिला डाव त्यांच्याशीच होता.

"डॉक्टर, एक काम करा. ती बोली देईल तेव्हा मला अर्थ विचारा. मी मोठ्याने सांगेन, तिला आठवेल. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. पण तिला कळू देऊ नका."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही निर्धास्त असा."

पत्ते वाटले गेले. ती म्हणाली, "एक नो-ट्रम्प."

डॉक्टरांनी अर्थ विचारलाच नाही. त्याने डोळे वटारले, तरी नाही. मग तो म्हणाला, "दोन किलवर," आणि डॉक्टर लगेच तिच्याकडे वळले. "वहिनी, याचा अर्थ?"

नेमकं उलटं! कवळ्या बसवून बसवून याचंही डोकं बोथट झालं, असं त्याच्या मनात आलं.

"माझ्याकडे चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का, असं विचारतायत," ती सावकाश, स्वच्छ म्हणाली.

त्याने हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं. किलवरच किलवर. आपण किलवर दाखवत होतो की बदाम-इस्पिक विचारत होतो? विचारतच असणार. ती म्हणतेय म्हणजे तसंच. तिने "दोन बदाम" म्हटल्यावर त्याने "तीन किलवर" म्हणून सावरून घेतलं. डाव निघाला. डॉक्टरांच्या भिडूनेही मान डोलावली.

"बघ, आठवलं की नाही तुला!" तो फुलून गेला. "उगाच घाबरतेस."

"तुम्ही शिकवता ना," ती हसली. "जा, चहा आणा आता. बक्षीस म्हणून."

तो शीळ घालत उठला. डॉक्टरांचा भिडू पानं आवरून शेजारच्या टेबलावर गेला.

"वहिनी," डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही सांगितलं तसं त्यांच्याच बोलीचा अर्थ तुम्हाला विचारला. पण त्यांनी आजही दारात गाठलं, आणि तेच सांगितलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"दर रविवारी म्हणतो तेच. पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवून म्हणालो, निर्धास्त असा."