हो किंवा नाही

बदलापूरच्या वधूवर मंडळासाठी उमानं पायथनमध्ये प्रोग्राम ठोकला होता. वयाला आकडा, नावाला अक्षरं; चुकीचं काही दिलं की स्थळ तयारच व्हायचं नाही.

आज तिचंच स्थळ भरायला बाबा बसले. ‘घटस्फोट झालाय?’ याच्यापुढे त्यांनी टाइप केलं, ‘नाममात्र’. एरर. ‘फार नांदली नाही’. परत एरर. मागे उमा नखं कुरतडत येरझाऱ्या घालत होती.

“च्यायला, ह्याला पाहिजे तरी काय?”

“हो किंवा नाही. बाकी काही घेत नाही तो.”

“असला आडमुठा नियम कोणी घातला?”

“मी.”

बाबांनी ‘फार नांदली नाही’ एकेक अक्षर करत खोडलं. मग त्यांनी ‘हो’ टाकलं. स्थळ तयार झालं.

उमानं लगेच फोनचा रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला. “आता अंबरनाथच्या आत्यालाही सांगा. तिला वाटतंय, मी अजून माहेरपणालाच आलेय.”