वेलबुट्टीचा A

कॅफेत शिरल्या शिरल्या अनंतरावांची नजर भिंतीवर गेली. शनिवार पेठेतल्या त्यांच्या छापखान्याची अक्षरं तिथं ओळीनं ठोकली होती. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत विलायतेहून आलेले लाकडी ठसे. एकेक इंग्रजी अक्षर वीतभर उंच, पोटात वेलबुट्टी, पायाशी मुरडलेली पानं, अंगाला सावली कोरलेली.

तिकडं लंडनात म्हणे भिंतींवर जाहिरातींची इतकी भाऊगर्दी झाली, की येणाऱ्याजाणाऱ्याचे डोळे ओढायला ही नटवी अक्षरं काढावी लागली. इथं पणजोबांनी त्यांच्यावर सर्कशी छापल्या, बँडवाले छापले, सोडावॉटरवाले छापले. आता कोथरुडात त्यांच्याखाली लोक कॉफी पीत होते, आणि वर बघायला कुणाला सवड नव्हती.

"बघा, किती छान ठेवलंय त्यांनी," आमोद म्हणाला. वडील हॉस्पिटलात असताना लेकानं छापखाना रिकामा करून अक्षरं विकली होती. "नाहीतर भंगारात गेली असती, बाबा."

"खरंय. भंगारवाल्यानं कॉफी विचारली नसती."

पॉलिश मारून सगळी चकाचक केली होती. अनंतराव एकेक निरखत गेले आणि A पाशी थबकले. वेलीच्या एका खोल वळणात लाल काहीतरी अडकून राहिलं होतं.

कुंकू. त्यांच्या बायकोचं, उल्काचं.

छापखाना बंद पडला तरी दर खंडेनवमीला ती या अक्षरांची पूजा करायची. कुंकू फक्त A ला. "पहिल्याला लावलं की सगळ्यांना पोचतं," म्हणायची. जन्मभर रॉकेलनं शाई धुणाऱ्या अनंतरावांनी ते कुंकू मात्र कधी धुतलं नव्हतं. गेल्या खंडेनवमीलाही तिनं लावलं, आणि पुढची दिवाळी काही तिला दिसली नाही. उद्या पुन्हा खंडेनवमी होती.

चारचौघांत, तेही मुलासमोर डोळ्यांतून पाणी काढायचं, हे त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं.

"आमोद, तो A मला हवाय."

"बाबा, विकलीत आपण ती."

"तू विकलीस."

"अहो, पण एका अक्षराचं करणार काय तुम्ही?"

कारण अगदी ओठांवर आलं होतं. "करीन काहीतरी," अनंतराव म्हणाले.

आमोद चरफडत काउंटरकडं गेला. तिथल्या ऋतुजा नावाच्या मुलीनं मालकाला फोन लावला. मालक भला निघाला. आजोबांना हवंय तर देऊन टाक, म्हणाला. ऋतुजानं स्टुलावर चढून A उतरवला आणि आत नेला. अनंतरावांच्या जिवात जीव आला. उद्या तो पाटावर मांडायचा, झेंडूचं फूल वाहायचं. नवं कुंकू लावायचं नाही. तिचंच असू द्यायचं.

थोड्या वेळानं ऋतुजा खाकी कागदात बांधलेलं पुडकं घेऊन आली. वर सुतळीचा बो होता.

"घ्या आजोबा. एकदम क्लीन करून दिलंय हं. कुणाचं तरी केचप सुकलं होतं त्यात, निघतच नव्हतं. शेवटी टूथपिकनं काढलं."

अनंतरावांनी सुतळी सोडली. वेलीच्या त्या वळणावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

"बाबा? काय झालं?"

त्यांनी आमोदकडं पाहिलंही नाही. "कशानं पुसलंत?" त्यांनी ऋतुजाला विचारलं.

"टिश्यूनं."

"तो टिश्यू मिळेल?"

ऋतुजा हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिनं दाराजवळच्या डब्याकडं बोट केलं.

अनंतराव A छातीशी धरून डब्याशी गेले. पायानं डब्याचं झाकण उघडलं. डबा टिश्यूंनी गच्च भरला होता, आणि जवळजवळ सगळ्यांनाच लाल लागलेलं होतं.