बाहीचं बटण

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी सरकारने अंदाजपत्रकात वृद्धसेवेचा निधी निम्म्यावर आणला. हातपाय दोन्ही थकलेल्यांनाच घरी मदतनीस मिळणार होती. तपासनीस बाई यायच्या दिवशी सुनेने सासऱ्यांना बजावलं, "मामंजी, आज हुशारी नको. मदतनीस गेली तर मी कामावर असताना तुम्हाला अंघोळ कोण घालणार?" सासरे जुने शिंपी, पाय गेले, मिजास नाही. तरी बाईंसमोर गरीब गाईसारखे बसले. उठता येतं? नाही. घास तोंडात जातो? सांडतो. तेवढ्यात बाईंच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबताना दिसलं. "हात करा इकडे, बाई. मला बघवत नाही." सुनेने डोळे वटारेपर्यंत सुईत दोरा ओवून झाला होता. बाईंनी आभार मानले आणि कागदावर लिहिलं, 'हात उत्तम चालतात.' मदतनीस बंद झाली. त्याच हिवाळ्यात न्हाणीघरात पडून सासरे वारले.