सवय

"अक्कल गहाण टाकून आलीस का? सलाईन कुणाला विचारून काढलंस?" मोठे सर्जन भरल्या वॉर्डात नव्या नर्सवर खेकसले. पेशंट, नातेवाईक, सगळे टकामका बघत राहिले.

"तुम्हीच सकाळी फोनवर मला काढायला सांगितलंत, डॉक्टर. मी हिला सांगितलं," मेट्रनबाई तिथल्या तिथे म्हणाल्या. सर्जन ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढच्या खाटेकडे वळले.

राऊंड संपल्यावर ते मेट्रनबाईंच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. "माझ्या लक्षातून गेलं होतं. तिला माझ्याकडून सॉरी सांगा."

"ओरडायला अख्खा वॉर्ड आणि माफी दाराआड? तिथेच जाऊन मागा."

"पेशंटसमोर? माझी काय किंमत राहील?"

"मग तिची काय राहिली?" मेट्रनबाईंनी नर्सला हाक मारून आत बोलावलं. तिचे डोळे सुजले होते. सगळं ऐकून ती घाईघाईने म्हणाली, "राहू द्या ना, बाई. मला आता सवय झालीय."

पोरीला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. मेट्रनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दार सताड उघडलं.

"ऐकलंत, डॉक्टर? हिला ऐकून घ्यायची सवय झाली. आता तुम्ही माफी मागायची लावून घ्या. चला."